उंबरठ्यावरचा पाहुणा

१९२५ साली बर्लिनमधील एका न्यायालयाने एका मूकपटाला जणू देहान्ताचीच शिक्षा फर्मावली. चित्रपटाची मूळ फीत आणि तिच्यावरून काढलेल्या यच्चयावत प्रती नष्ट कराव्यात, असा तो हुकूम होता. चित्रपटाचे नाव ‘नोस्फेरातू’; दिग्दर्शक फ्रीड्रिख व्हिल्हेल्म मुर्नाऊ. त्याचा पहिला खेळ ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातील संगमरवरी दालनात झाला होता. फिर्याद होती फ्लॉरेन्स स्टोकर यांची. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅक्युला’ या इंग्रजी कादंबरीचे कर्ते ब्रॅम स्टोकर यांच्या त्या पत्नी. स्टोकर १९१२ मध्ये निवर्तले होते. जर्मन निर्मात्यांनी कादंबरीतील पात्रांची नावे बदलली, सरदार ड्रॅक्युलाचा सरदार ऑर्लोक केला. मूळ लेखकाचे नाव श्रेयपाटीवर दिले, पण त्याच्या वारसाची अनुमती तेवढी घेतली नाही. खटला निकालात निघेपर्यंत ‘प्राना’ ही निर्मितिसंस्था दिवाळखोरीत निघाली होती. नुकसानभरपाई मिळण्याची आशा उरली नाही, तेव्हा बाईंनी चित्रपटाचाच अंत मागितला, आणि न्यायालयाने तो मान्य केला.

पण चित्रपट मेला नाही. काही प्रती देशोदेशी आधीच पोहोचल्या होत्या. त्या कपाटांतून, संग्रहांतून तग धरून राहिल्या. आज हा मूकपट जगातील श्रेष्ठ चित्रपटांत गणला जातो. उलट, टॉड ब्राऊनिंग या अमेरिकन दिग्दर्शकाच्या १९२७ मधील ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या चित्रपटाला कोणत्याही न्यायालयाने हात लावला नव्हता. तो मात्र आज उपलब्ध नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये चित्रसंस्थेच्या कोठाराला लागलेल्या आगीत जळून गेली. ज्याला मारावयाचे ठरले तो जगला, आणि ज्याला जपावयाचे होते तो गेला.

मेलेले असूनही न मरणाऱ्या, रात्री थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त शोषणाऱ्या या पिशाच्चाला पाश्चात्त्य लोक व्हँपायर म्हणतात. ‘नोस्फेरातू’नंतर शंभर वर्षे उलटली, तरी चित्रपटसृष्टीला त्याचा कंटाळा आलेला नाही. भयपटांतील इतर किती राक्षस आले आणि गेले. हा मात्र दर पिढीत नव्या वेशात दारात उभा राहतो. असे का व्हावे? मृत्यूची भीती, अमरत्वाची हाव, निषिद्ध शृंगाराचे आकर्षण ही कारणे नेहमी सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. तथापि या पिशाच्चाच्या अंगी एक अशी मर्यादा आहे, की जी दुसऱ्या कोणत्याही राक्षसाला नाही. घरातील कोणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला प्रथम उंबरठा ओलांडता येत नाही. स्टोकरच्या कादंबरीत हा नियम स्पष्ट सांगितलेला आहे. या एका नियमाने भयकथेचे स्वरूपच पालटते. संकट कोठून आले, हा प्रश्न मागे पडतो, आणि दार कोणी उघडले, हा पुढे येतो. या प्रकारच्या चित्रपटांची प्रतवारी लावावयाची, तर ती या दुसऱ्या प्रश्नावर लावावी. रक्त किती सांडले यावर नव्हे.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही, हे पाहण्यासाठी चित्रपटाच्या जन्मापूर्वीच्या इतिहासात थोडे डोकवावे लागते. १७२५ साली, ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली आलेल्या सर्बियातील किसिल्येव्हो नावाच्या खेड्यात आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. पीटर ब्लागोयेविच नावाचा एक शेतकरी नुकताच मरण पावला होता. तोच रात्री येऊन गळा दाबतो, असे मरणाऱ्यांनी सांगितल्याचे गावकरी म्हणू लागले. थडगे उकरू दिले नाही तर गाव सोडून जाऊ, असा त्यांचा धोशा होता. सरकारी अंमलदाराचा अखेर नाइलाज झाला. थडगे उकरले. प्रेत ताजे दिसले, नखे नवी आल्यासारखी वाटली, तोंडावर रक्त आढळले. गावकऱ्यांनी प्रेताच्या छातीत अणकुचीदार खुंट ठोकला आणि ते जाळून टाकले. अंमलदाराने वरिष्ठांकडे पाठविलेला अहवाल व्हिएन्नातील वृत्तपत्रात छापला गेला. पुढे १७३२ मध्ये मेद्वेद्या या गावाविषयी योहान फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यवैद्याने असाच अहवाल लिहिला, आणि युरोपभर या विषयावर पुस्तकांचा पाऊस पडला.

आज या लक्षणांचा उलगडा सोपा वाटतो. जमिनीखालच्या थंडाव्यात प्रेत सावकाश कुजते. पोटात वायू साठून ते फुगते, आणि काळसर द्रव तोंडावाटे बाहेर येतो. त्वचा आकसल्यामुळे नखे व केस वाढल्याचा भास होतो. परंतु त्या वेळी गावात साथ आली होती, तिचे कारण कोणालाच कळत नव्हते, आणि कोणाला तरी दोष दिल्याशिवाय मनाला स्वस्थता नव्हती. सम्राज्ञी मारिया तेरेसा यांचे राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांनी अशा प्रकरणांची छाननी करून हे सारे अज्ञानाचे खेळ असल्याचा निर्वाळा दिला. १७५५ मध्ये सम्राज्ञीने प्रेते उकरण्यास व जाळण्यास बंदी केली. या पिशाच्चाच्या जन्मकथेतच एक गोष्ट दडलेली आहे. रोग अदृश्य असतो. त्याला चेहरा दिला की भीती आटोक्यात येते. मात्र तो चेहरा कोणाचा, हे ठरविणे मोठे धोक्याचे असते.

खेड्यातल्या या फुगलेल्या प्रेताला उंची वस्त्रे चढविली ती इंग्रजी वाङ्मयाने. कवी बायरन यांचे वैद्य जॉन पॉलिडोरी यांची ‘द व्हँपायर’ ही कथा १८१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि शेतकऱ्याच्या जागी देखणा, थंड नजरेचा उमराव आला. १८७२ च्या सुमारास शेरिडन ले फानू यांनी ‘कार्मिला’ या कथेत पिशाच्चाला तरुणीचे रूप दिले. तिला घरात आश्रय दिला जातो तोही पाहुणी म्हणूनच. स्टोकरने या सर्वांचे सार घेतले. त्याचा ड्रॅक्युला लंडनवर चाल करून येत नाही. तो रीतसर खरेदीखत करून येतो. एक्झेटरच्या वकिलाचा तरुण साहाय्यक त्यासाठी ट्रान्सिल्व्हानियातील गढीपर्यंत कागदपत्रे घेऊन जातो. म्हणजे दार उघडण्याची सुरुवात एका सरळमार्गी, आपले काम चोख करणाऱ्या माणसाकडून होते.

येथे मराठी मनाला वेताळाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि या दोन कथापरंपरांमध्ये एक खराखुरा दुवाही आहे. मुंबई सैन्यात नोकरी केलेला प्रवासी रिचर्ड बर्टन याने वेताळकथांचे आपले इंग्रजी रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वेताळासाठी व्हँपायर हाच शब्द योजला. स्टोकरची बर्टनशी ओळख होती, आणि बोलताना ओठ वर जाऊन दिसणारा बर्टनचा सुळा त्याने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे. परंतु शब्द एक असला तरी स्वभाव निराळा. आपला वेताळ प्रेतात वास करतो खरा, पण तो रक्त पीत नाही, कोडी घालतो. आणि शेवटी कपटी योग्यापासून राजाला वाचवितो तो तोच. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार. आमोण्याच्या वेताळाला गावकरी देव म्हणून पुजतात. जे भयंकर आहे त्याला वेशीवर जागा देऊन राखणीला बसवावे, ही येथली रीत. युरोपीय कथेत ते वेशीवर थांबत नाही. ते घराच्या दाराशी येते आणि आत घेण्याची विनंती करते. उंबरठ्याचे महत्त्व मात्र दोन्हीकडे सारखे. हिरण्यकशिपूचा वध घरात नाही आणि बाहेरही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही, अशा उंबरठ्यावरच्या सांजवेळी झाला, हे ज्याने बालपणी ऐकले आहे त्याला या चित्रपटांची अर्धी भाषा आधीच अवगत असते.

आता चित्रपटांकडे वळावे. ‘नोस्फेरातू’ निघाला तेव्हा जर्मनी महायुद्धातील पराभवातून सावरत होता. त्या युद्धात सुमारे वीस लाख जर्मन सैनिक पडले होते, आणि पाठोपाठ १९१८ च्या इन्फ्लुएंझाने घरोघरी माणसे नेली होती. मुर्नाऊ स्वतः युद्धात वैमानिक होता. चित्रपटाचा कल्पक नेपथ्यकार व निर्माता आल्बिन ग्राऊ याने तर, युद्धकाळात सर्बियातील एका शेतकऱ्याकडून ऐकलेल्या हकिकतीतून ही कल्पना सुचली, असे लिहून ठेवले आहे. चित्रपटातील ऑर्लोक देखणा उमराव नाही. टकला, उंदरासारखे पुढचे दात, पंजाएवढी लांब नखे, अंगाने ताठ. माक्स श्रेक या नटाने उभी केलेली ही आकृती पुन्हा १७२५ च्या थडग्याकडे परत जाते. तो जहाजाने येतो, आणि त्याच्याबरोबर उंदीर व प्लेग येतात. रक्तपिपासू पिशाच्च सूर्यप्रकाशाने नष्ट होते, ही आज सर्वांना ठाऊक असलेली समजूतही याच चित्रपटाची देणगी. कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यांतून हिंडू शकतो, आणि त्याचा शेवट होतो तो सूर्यास्ताच्या क्षणी, सुऱ्यांच्या वारांनी. त्यांतील एक हत्यार गुरख्यांची कुकरी आहे. मुर्नाऊने त्याऐवजी खिडकीतून येणारे कोवळे ऊन घेतले. ज्या कलेचा सारा देह प्रकाशाचा, तिने आपल्या राक्षसाला प्रकाशानेच मारावे, हे उचितच झाले.

या ऑर्लोकला कोणी बोलावले? हुटर नावाचा तरुण चांगल्या मोबदल्याच्या आशेने निघतो, आणि आपल्याच घरासमोरचे ओसाड घर त्याला विकून येतो. चित्रपटाच्या उत्तरार्धात साथीने गांजलेले गाव खऱ्या कारणाचा शोध घेत नाही. ते त्या व्यवहारातील वेड्या दलालामागे दगड घेऊन धावत सुटते. संकट निवारते ती हुटरची पत्नी एलेन. ती स्वतः खिडकी उघडते आणि पहाटेपर्यंत पिशाच्चाला आपल्याजवळ गुंतवून ठेवते. दार उघडण्याचे मोल तिच्या प्राणांनी फिटते.

परंतु या चित्रपटाविषयी आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पूर्वेकडून आलेला परका, बाकदार नाकाचा, उंदरांबरोबर रोग घेऊन येणारा आणि स्थानिक स्त्रीवर डोळा ठेवणारा, हे चित्र त्या काळी यहुदी समाजाविरुद्ध पसरविल्या जाणाऱ्या विखारी व्यंगचित्रांशी जुळते, असे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मुर्नाऊचा हेतू तसा होता, असे म्हणता येत नाही. पटकथालेखक हेन्रिक गालेन आणि त्या वेड्या दलालाची भूमिका करणारा आलेक्झांडर ग्रानाख हे दोघेही यहुदीच होते. मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर दोघांनाही जर्मनी सोडावी लागली. पडद्यावर ज्याच्यामागे गाव धावले होते, त्या नटामागे अकरा वर्षांनी खरोखरच देश धावला. १९४० च्या एका नाझी प्रचारपटात यहुदी वस्तीच्या दृश्यांना जोडून उंदरांच्या झुंडी दाखविण्यात आल्या. साथीला चेहरा देण्याचा सर्बियन खेड्यातील उद्योग येथे राज्ययंत्रणेच्या हाती गेला, आणि त्याचा शेवट कोठे झाला हे जगाला ठाऊक आहे. म्हणून दार कोणी उघडले, हा प्रश्न महत्त्वाचा. जो चित्रपट हा प्रश्न विसरतो आणि केवळ परक्याकडे बोट दाखवितो, तो कितीही कुशल असला तरी त्याला वरची पायरी देता येत नाही.

या कसोटीवर १९३१ चा अमेरिकन बोलपट ‘ड्रॅक्युला’ पाहावा. दिग्दर्शक तोच टॉड ब्राऊनिंग. छायालेखक कार्ल फ्रॉइंड, जो पूर्वी जर्मनीत मुर्नाऊबरोबर काम करीत असे. नायक बेला लुगोसी हा हंगेरीतील नट. १९१९ ची तेथील क्रांती फसल्यावर नटांच्या संघटनेत पुढाकार घेतलेल्या लुगोसीला देश सोडावा लागला. तो अमेरिकेत आला आणि १९२७ मध्ये रंगभूमीवर ड्रॅक्युला म्हणून गाजला. चित्रपटासाठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर प्रमाणे सात आठवड्यांचे वेतन मिळाले. या चित्रपटात सुळे दिसत नाहीत, चावा दिसत नाही, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. भय निर्माण होते ते लुगोसीच्या नजरेने, आणि परकी धाटणी न सुटलेल्या त्याच्या सावकाश इंग्रजी उच्चारांनी. गढीतील पहिली वीस मिनिटे अविस्मरणीय आहेत. कथा लंडनला येताच मात्र चित्रपट दिवाणखान्यातील नाटक बनतो. त्याच नेपथ्यावर रात्रीच्या वेळी जॉर्ज मेलफर्डने चित्रित केलेली स्पॅनिश आवृत्ती छायाचित्रणात अधिक चपळ आहे, असे पुष्कळ जाणकार मानतात. दोन्हींत लंडनकर निर्दोष आहेत आणि सारा दोष पाहुण्याचा आहे. म्हणून हा चित्रपट ऐतिहासिक ठरला, सर्वश्रेष्ठ ठरला नाही. लुगोसीच्या गळ्यात मात्र ही भूमिका कायमची पडली. १९५६ मध्ये तो वारला, तेव्हा ड्रॅक्युलाचा झगा घालूनच त्याचे दफन झाले. परक्या उच्चारांमुळे कीर्ती मिळालेल्या नटाला त्या उच्चारांनी दुसरे काही होऊ दिले नाही, ही त्याची शोकान्तिका.

त्याच सुमारास, १९३२ मध्ये, कार्ल थिओडोर ड्रेयर या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘व्हँपिर’ बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. आज तो अभिजात मानला जातो. त्यात परका कोणी नाहीच. पिशाच्च म्हणजे गावातलीच एक म्हातारी, आणि तिचा साथीदार गावचा डॉक्टर. ज्याच्या हाती विश्वासाने नाडी द्यावयाची, तोच उपचाराच्या निमित्ताने रक्त काढून घेतो. छायालेखक रुडोल्फ माटे याने सारी दृश्ये धुक्यातून पाहिल्यासारखी धूसर टिपली. नायक स्वतःच्या शवपेटीत पडून, झाकणावरच्या काचेतून आपलीच अंत्ययात्रा पाहतो, हे दृश्य एकदा पाहिलेला प्रेक्षक विसरत नाही. त्या अपयशानंतर ड्रेयरला पुढचा कथापट करावयास १९४३ साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे पिशाच्च हास्यास पात्र झाले होते. १९४८ मध्ये लुगोसीलाच अॅबट व कॉस्टेलो या विनोदी जोडीसमोर ड्रॅक्युला म्हणून उभे राहावे लागले. त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली ती १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर चित्रसंस्थेने. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, ड्रॅक्युलाच्या भूमिकेत क्रिस्टोफर ली, त्याचा पाठलाग करणारा डॉक्टर पीटर कुशिंग. युद्धकाळापासूनचे शिधावाटप इंग्लंडमध्ये संपून अवघी चार वर्षे झाली होती. लाल रंगाचे रक्त, मखमली पडदे, झळाळणारी मेणबत्त्यांची झाडे यांनी पडदा भरून गेला. सव्वासहा फुटांहून उंच असा ली पहिल्या काही प्रसंगांनंतर एक शब्दही बोलत नाही. परंतु या चित्रपटाचे खरे बळ पटकथेत आहे. रोज रात्री तरुण ल्यूसी स्वतःच गळ्यातला क्रूस काढते, बागेकडचे दार उघडते आणि बिछान्यावर वाट पाहत पडते. पुढे घरातील पुरुष रात्रभर बाहेर पहारा करतात, आणि पिशाच्च तरीही आत शिरते. कसे? त्याची शवपेटी त्याच घराच्या तळघरात ठेवलेली असते. नीतिमान, सुखवस्तू कुटुंब बाहेर नजर लावून बसले आहे, आणि ज्याला अडवावयाचे तो पायाखाली झोपला आहे. या एका कल्पनेने हॅमरचा ‘ड्रॅक्युला’ आपल्या असंख्य अनुकरणांच्या कितीतरी वर राहतो.

त्या अनुकरणांची एक शाखा आपल्या उपखंडातही आली. १९६७ मध्ये लाहोरला निघालेल्या ‘ज़िंदा लाश’ या चित्रपटावर हॅमरची छाप स्पष्ट आहे. मात्र तेथे पिशाच्च होतो तो अमरत्वाचे रसायन शोधणारा एक प्राध्यापक. मुंबईत रॅम्से बंधूंनी १९९० मध्ये ‘बंद दरवाज़ा’ काढला. त्याची मांडणी बटबटीत आहे, पण कथेचे बीज मार्मिक आहे. अपत्यासाठी आसुसलेली जमीनदारीण स्वतः काळ्या पहाडावर जाऊन पिशाच्चाशी करार करते: मुलगा झाला तर आपला, मुलगी झाली तर त्याची. दार येथेही आतूनच उघडले आहे, आणि ते उघडावयास लावणारी गोष्ट म्हणजे निपुत्रिकेला टोचून खाणारा समाज.

पाश्चात्त्य देशांत पुढील दशकांत या कथेला अनेक वळणे मिळाली. १९७९ मध्ये व्हेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकाने ‘नोस्फेरातू’ पुन्हा घडविला. त्यात प्लेगने उजाड झालेल्या चौकात उरलेली माणसे उंदरांच्या गराड्यात मेजवानी करीत बसतात. पत्नीचे बलिदान व्यर्थ जाते आणि पतीच नवा पिशाच्च होऊन घोड्यावरून निघून जातो. १९९२ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने ड्रॅक्युलाला विरही प्रियकर केले. एको इशिओका या जपानी कलावतीला त्यातील वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले. नेत्रसुखात या चित्रपटाला तोड नाही, पण पिशाच्चाच्या अश्रूंत त्याच्या बळींची आठवण बुडून जाते. २००८ मध्ये अमेरिकेत ‘ट्वायलाइट’ आला. त्यातील पिशाच्चाची कांती उन्हात झळकते आणि तो माणसाचे रक्त वर्ज्य मानतो. तरुण पिढीने तो डोक्यावर घेतला. परंतु ज्याच्यापासून भय नाही अशा पाहुण्याला आत घेण्यात जोखीम ती कसली?

त्याच वर्षी स्वीडनमध्ये टोमास अल्फ्रेडसन याने योन आयविदे लिंडक्विस्ट यांच्या कादंबरीवरून केलेला चित्रपट आला. त्याच्या नावाचा आशयच ‘योग्य त्यालाच आत घे’ असा आहे. स्टॉकहोमच्या एका उपनगरात, बर्फाच्या दिवसांत, शाळेत छळ सोसणारा बारा वर्षांचा एकाकी मुलगा राहतो. शेजारी एली नावाचे, तेवढ्याच वयाचे दिसणारे पोर राहावयास येते. एली पिशाच्च आहे. एके दिवशी मुलगा गंमत म्हणून तोंडाने ‘ये’ म्हणत नाही. नुसती खूण करतो. एली तरीही उंबरठा ओलांडते, आणि तिच्या अंगातून, डोळ्यांतून, कानांतून रक्त वाहू लागते. तेव्हा घाबरून तो ओरडतो, आणि तो शब्द उच्चारताच रक्त थांबते. शंभर वर्षांच्या परंपरेतील हा कदाचित सर्वांत उत्कट क्षण असेल. आत घेणे ही दया आहे की स्वतःचा नाश, हे चित्रपट ठरवून देत नाही. मात्र ज्या मुलाला वर्गाने, शिक्षकांनी, आईबापांनी वाऱ्यावर सोडले, त्याने दार उघडले तर दोष त्याच्या एकट्याचा नाही, एवढे तो निःसंशय सांगतो.

या मालिकेतील अलीकडचा महत्त्वाचा चित्रपट रायन कूगलर या अमेरिकन दिग्दर्शकाचा, २०२५ मधील ‘सिनर्स’. काळ १९३२ चा, स्थळ मिसिसिपीचा कापूसप्रदेश. दोन कृष्णवर्णीय जुळे भाऊ आपल्या लोकांसाठी गाण्याबजावण्याची जागा उघडतात. पहिल्याच रात्री दारात गोरा, गोड गळ्याचा पाहुणा उभा राहतो आणि आत येऊ देण्याची विनवणी करतो. त्याआधी मूळच्या चॉक्टॉ जमातीचे लोक त्याचा पाठलाग करीत एका घरी आलेले असतात आणि सावध करून गेलेले असतात. पण त्या घरातील वर्णद्वेष्टे जोडपे त्यांच्यावर विश्वास ठेवीत नाही. पाहुण्याची कातडी आपल्यासारखी, एवढ्यावर त्यांनी त्याला आसरा दिलेला असतो. नाझींच्या प्रचारपटाने जे समीकरण मांडले होते, त्याचे हे अचूक उत्तर आहे. वेगळा दिसतो म्हणून ज्याला दाराबाहेर ठेवले तो हितचिंतक होता, आणि आपल्यासारखा दिसतो म्हणून ज्याला आत घेतले तोच घातकी निघाला.

तेव्हा निवड करावयाचीच झाली, तर अग्रभागी ‘नोस्फेरातू’ ठेवावा. त्याच्या साऱ्या सौंदर्यासह आणि त्याच्यावर पडलेल्या इतिहासाच्या सावलीसह. त्याच्या पंक्तीस ड्रेयरचा ‘व्हँपिर’ आणि अल्फ्रेडसनचा स्वीडिश चित्रपट. त्यांच्या मागोमाग हॅमरचा ‘ड्रॅक्युला’, हेर्झोगची पुनर्निर्मिती आणि ‘सिनर्स’. १९३१ चा ‘ड्रॅक्युला’ लुगोसीसाठी अवश्य पाहावा. ज्याला यांतील एकच पाहावयाचा असेल त्याने ‘नोस्फेरातू’ पाहावा, पण शक्य तर रंगछटा दिलेली, जीर्णोद्धारित प्रत शोधून. मुर्नाऊने रात्रीची बाह्य दृश्ये दिवसा चित्रित करून फितीला निळा रंग दिला होता. ज्या प्रतींतून तो रंग गेला, त्यांत उन्हाला भिणारा ऑर्लोक भर दुपारी शवपेटी काखेत घेऊन हिंडताना दिसतो, आणि प्रेक्षक उगाच हसतो.

किसिल्येव्होच्या गावकऱ्यांना त्या साथीचे कारण कधीच कळले नाही. रोगांची कारणे आता पुष्कळ कळली आहेत, पण संकटाला परक्याचा चेहरा चिकटविण्याची सवय गेलेली नाही, आणि गोड बोलून दार उघडावयास लावणारेही कमी झालेले नाहीत. म्हणून दर पिढीत एखादा दिग्दर्शक त्या पाहुण्याला पुन्हा उंबरठ्यावर आणून उभा करतो. चांगला दिग्दर्शक दिव्याचा झोत पाहुण्याच्या सुळ्यांवर थोडा वेळच ठेवतो. मग तो कडीवर ठेवलेल्या हाताकडे वळवितो.